वीस रोल जमेपर्यंत

मुंबईच्या लॅबवाल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपुरात आमच्या घरामागे कूलरच्या टाकीत पाणी भरत होतो. मे महिन्यात चंद्रपूरचा माणूस काहीही करत असेल तर बहुधा हेच करत असतो. पलीकडून आवाज आला, "काका, तुमच्या रोलमध्ये सुपारी आहे."

मी म्हटलं, नंबर चुकला तुमचा. तो म्हणाला, नाही चुकला. स्लाइड फिल्मचा रोल धुवायला पाठवला होता ना? काळी डबी, झाकणाला चिकटपट्टी, पट्टीवर लाल शाईनं 'उजेडात उघडू नये', हे अक्षर तुमचंच ना? अक्षर माझंच होतं. मग त्यानं अगदी शांतपणे सांगितलं, की सूचनेप्रमाणे त्यानं डबी काळोख्या खोलीत नेली, दिवा बंद केला, झाकण काढलं, आत बोटं घातली आणि बोटांना ओलं लागलं. 'ओलं' हा शब्द तो तीनदा म्हणाला. मुंबईच्या माणसाला काळोखात सुपारी घातलेला ओला तंबाखू लागला तर त्याचं काय होत असेल, ते मी समजू शकतो. पण त्या वेळी मला एकच प्रश्न पडला होता, डबीत सुपारी होती तर माझा रोल कुठे होता?

हे प्रकरण समजायचं तर आधी मी कोण, ते सांगायला पाहिजे. तीस वर्षं मी सरकारी प्रचाराच्या जीपवर होतो. जीपमध्ये एक स्लाइड प्रोजेक्टर, एक जनरेटर, एक पांढरी चादर आणि मी. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जंगलातल्या गावी जायचं, शाळेच्या भिंतीला चादर टांगायची आणि चित्रं दाखवायची. स्लाइड म्हणजे काय, हेही आता सांगावं लागतं, बाप्पा. पुठ्ठ्याच्या लहानशा चौकटीत बसवलेला रंगीत फिल्मचा तुकडा. त्यातून उजेड सोडला, की चित्र चादरीवर भिंतीएवढं होतं. माझ्याकडे ऐंशी स्लाइडा होत्या आणि तीस वर्षं त्याच होत्या. वणवा लावू नका, साप चावला तर मांत्रिकाकडे जाऊ नका, पाणी गाळून प्या, आणि शेवटी वाघ.

वाघ मी स्वतः काढलेला होता. तलावाच्या काठावर, पुढचे पाय वाकवून, मान खाली घालून पाणी पिणारा. तो आला की मी म्हणायचो, हा आपल्या जंगलाचा राजा आहे, याला जपा. आणि ज्यांच्या बकऱ्या, गोऱ्हे या राजानं खाल्ले होते ते लोक निमूट ऐकून घ्यायचे. भाषणाला कोणी किंमत देत नसे. वाघाला मात्र देत. "पुन्हा दाखवा" म्हणायचे, आणि मला तो दोनदा, तीनदा दाखवावा लागायचा. गावोगावी माझं नाव 'चादरवाला' पडलं होतं.

धानोऱ्याकडच्या एका गावात एक बाई होती. घरी गोंडी बोलायची, माझ्याशी मराठी. दरवर्षी सगळ्यांत पुढे, पाय पसरून बसायची. तिला माझ्या ऐंशीच्या ऐंशी स्लाइडा ओळीनं पाठ होत्या. मी बोलायच्या आधीच मागच्यांना सांगायची, आता आग लागन, आता साप येईन. माझी सगळी मजाच घालवायची. मला राग यायचा, पण ती कधी चुकत नसे. आणि वाघ झाला की दरवर्षी तिचा एकच प्रश्न, "वाघाले काढतं, मले काऊन नाई काढत?"

मी म्हणायचो, पुढच्या वर्षी काढतो, बाई. पहिल्या वर्षी मी खरंच काढणार होतो. दुसऱ्या वर्षी रोल संपला होता. नंतर नंतर ते तिचं विचारणं आणि माझं 'पुढच्या वर्षी' हे कार्यक्रमाचाच एक भाग होऊन बसलं. असं वीसेक वर्षं चाललं.

मग सीडी आल्या, मोबाईल आले, मी निवृत्त झालो. प्रोजेक्टर भंगारात निघाला, तो मी मागून घेऊन घरी आणला. बायको म्हणाली, "नोकरी गेली अन् सवत घरी आली." फ्रिजमध्ये दह्याच्या गंजामागे, म्हणजे पातेल्यामागे, एक कोरा रोल उरला होता, मुदत संपलेला. त्या डबीला घरात कोणी हात लावायचा नाही, असा माझा दंडक होता. बायको पाहुण्यांना सांगायची, हा यांचा देव आहे, याला थंडी लागते.

दोन वर्षांपूर्वी मोहफुलांच्या दिवसांत मी सहज म्हणून त्या गावी गेलो. बाई भेटली, पण तिनं मला ओळखलं ते आवाजावरून. जवळ आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरून तिरपं करून बघितलं. म्हणाली, एक डोरा गेला. काळा मोतीबिंदू. गडचिरोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जाईल तेवढं लांबवू.

"दुसराबी जाऊन राह्यला, भाऊ. आता तं काढ."

मी म्हटलं, बाई, आता मोबाईलमध्ये काढतो की, आत्ताच, या क्षणाला. तिनं हात झटकला. मोबाईल तिच्या सुनेकडे होता, त्यात फोटो होते. आधार कार्डावरही होता, आणि त्यात आपण चोरावानी दिसतो असं तिचं मत होतं. "इत्तीशी नाई पाह्यजे," ती म्हणाली. "चादरीवर पाह्यजे. त्याच मशीनीत. वाघाएवढी."

मी घरी आलो, दह्यामागचा देव काढला आणि आठवड्याच्या आत परत गेलो.

आता बाईचा फोटो काढायचा म्हणजे मी मनात काहीतरी ठरवून गेलो होतो. मोहाच्या झाडाखाली, टोपली, सकाळचं ऊन. बाईनंही ठरवून ठेवलं होतं. मला ती थेट तलावावर घेऊन गेली. काठावर पदर खोचला, गुडघे टेकले, दोन्ही हात चिखलात रोवले आणि मान खाली घालून पाण्याला तोंड लावलं. मी म्हटलं, बाई, हे काय? ती खालूनच म्हणाली, वाघ असाच हाये ना तुह्या फोटोत? मी म्हटलं, कंबर धरेल. ती म्हणाली, वाघाची नाई धरत?

कपडे धुवायला आलेल्या बायका धुणं टाकून बघत उभ्या राहिल्या. एक म्हणाली, शेपूट राह्यली. बाईनं तिला गोंडीत काहीतरी सुनावलं. मी चिखलात पालथा पडून फोटो काढत होतो. पासष्टीचा मी आणि सत्तरीची ती, तलावाच्या दोन बाजूंना असे दोघं आडवे. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम मी तिच्यावर संपवल्या आणि दर फ्रेमला ओरडत होतो, की या फिल्मला उजेड दाखवायचा नाही, धुईपर्यंत उजेड लागला तर बाई गेली समजा.

चूक झाली ती त्यानंतर, तिच्या पडवीत. आमच्या भागात माणूस माणसाकडे बसला की आपल्या डबीतला तंबाखू आपण खात नाही. आपली डबी समोरच्यापुढे सरकवायची, त्याची आपण घ्यायची. न सरकवणारा माणूस कोत्या मनाचा समजला जातो. आणि तीस वर्षांत मी फिल्मच्या रिकाम्या काळ्या डब्या गावोगाव वाटत आलो होतो. झाकण घट्ट, पाणी शिरत नाही, तंबाखू ओला राहतो. दोन्ही जिल्ह्यांत किती कमरांना माझ्या डब्या होत्या कोण जाणे. बाईच्या कमरेलाही होती. मी रोल काढून डबीत घातला, डबी खाली ठेवली. तिनं आपली पुढे सरकवली. मी खाल्ला. सवयीनं माझी तिच्याकडे सरकवली. मग मी शहाण्यासारखी चिकटपट्टी काढली आणि समोरची डबी गच्च बांधली. हलवूनही पाहिली. आत खडखडलं, म्हणून समाधान झालं. सुपारीचं खांडही खडखडतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता धुवायचं कुठे? चंद्रपुरात ज्या स्टुडिओतून माझे रोल पूर्वी नागपूरला जात, तिथं गेलो. तिथला माणूस कपावर नवरा-नवरीचे फोटो छापत होता. त्यानं डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, यात किती जीबी बसते? मी डबी परत घेऊन बाहेर पडलो, कारण बोललो असतो तर भांडण झालं असतं. नागपूरला फोन लावला, तर जुन्या लॅबच्या जागी मोमोजचं दुकान होतं. फोनवरचा मुलगा मात्र भला होता, म्हणाला, काका, आम्ही फक्त वाफवतो.

शेवटी कोणीतरी मुंबईच्या या लॅबवाल्याचा पत्ता दिला. तो धुतो, पण त्याची एक अट होती. स्लाइडचं रसायन एकदा कालवलं की टिकत नाही, म्हणून वीस रोल जमले की मगच तो कालवतो. ठीक आहे म्हटलं आणि कुरियर केला. कुरियरवाल्यानं विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, एक म्हातारी. त्यानं फॉर्मवर 'घरगुती वस्तू' लिहिलं.

आणि मग मी वाट पाहायला लागलो. मी रोज फोन करायचो. किती झाले? नऊ. दोन दिवसांनी, किती? नऊच. देशात कुठेतरी एकोणीस माणसं स्लाइडवर फोटो काढणारी होती, पैसेवाली, हौशी, आणि ती लेकाची एकेक फ्रेम जपून जपून काढत बसली होती. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण झोपेतसुद्धा त्यांच्यावर खेकसत होतो. लॅबवाल्याला म्हटलं, लोकांना सांगा ना, हात चालवा, इथं एका बाईचा डोळा चाललाय. तो म्हणाला, काका, मी कोणाला कसं सांगणार? अकरा झाले. चौदा झाले. बायको भाजी निवडता निवडता विचारायची, आज किती? तिलाही त्या एकोणिसांचा राग यायला लागला होता. आणि मे महिन्यात वीस झाले, त्यानं रसायन कालवलं, काळोखात हात घातला आणि पुढचं मी सांगितलंच आहे. एकोणीस रोल धुतले गेले. माझी सुपारी राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी निघालो. रस्ताभर मनात एकच, की तिनं डबी उघडली असेल, फिल्म ओढून काढली असेल, उन्हात धरून स्वतःला शोधलं असेल. मी तरी तेच केलं असतं.

बाई पडवीत बसली होती. माझा आवाज ऐकताच म्हणाली, "माही डबी कुठी हाये?"

तंबाखू खाण्यासाठी तिनं त्याच दिवशी डबी उघडली होती. आत हाताला रोलचं लोखंडी कवच लागलं, फिल्म त्याच्या आत सुखरूप होती, आणि तिला सगळं कळलं. मी दिवसभर उजेड-उजेड म्हणून बोंबललो होतो, तेव्हा तिनं झाकण लावलं, डबी फडक्यात गुंडाळली आणि धानाच्या कणगीत हात खांद्यापर्यंत घालून खोल पुरून ठेवली. मला कळवायला माझा नंबर कोणाकडे नव्हता. पण चादरवाला येईल, त्याची वस्तू इथं आहे, असं म्हणून ती बसून होती. सुनेनं हळूच सांगितलं, की त्या कणगीतलं धान काढायलाही ती कोणाला देत नव्हती, हे लोक दोन महिने दुसऱ्याकडून धान आणून कांडत होते.

मला लाज वाटली. मी स्वतःला फार समजूतदार समजत होतो आणि तिच्याबद्दल रस्ताभर भलतंच मनात आणत आलो होतो.

डबी घेतली, या वेळी तिथंच अंधाऱ्या खोलीत उघडून आतला रोल चाचपला, नाक लावून वासही घेतला आणि मुंबईला पाठवला. पुन्हा वीस. पाऊस लागला, नाल्याला पूर आला, गावचा रस्ता बंद झाला. किती? सहा. किती? आठ. पोळा झाला, गणपती बसले. मी आता ओरडत नव्हतो, नुसतं विचारायचो. लॅबवाला चिडायचा नाही. मीच एकदा त्याला सगळं सांगितलं होतं, वाघ, तलाव, डोळा. तेव्हापासून तो मला न विचारताच सांगायला लागला होता. गणपती उठले त्या आठवड्यात त्याचा फोन आला, की झालं, धुतले, छान आले आहेत. मी म्हटलं, एवढ्यात वीस कसे झाले? परवा तर सोळा होते.

तो म्हणाला, "शेवटचे चार मीच काढले, काका. घरातल्या पंख्याचे."

पार्सल आलं. छत्तीस स्लाइडा, आणि सोबत बाईची काळी डबी, धुऊन, पुसून, कापसात गुंडाळलेली. मी त्या माणसाला अजून पाहिलेलं नाही. पण त्याच्या पंख्याला माझा नमस्कार आहे.

प्रोजेक्टर घेऊन दसऱ्यानंतर गावी गेलो. अंधार पडल्यावर कार्यक्रम करायची सोय आता उरलेली नव्हती, कारण त्या बाजूला रानटी हत्ती उतरले होते आणि सूर्य कलला की लोक घराबाहेर पडत नव्हते. म्हणून भरदुपारी शाळेच्या खोलीत करायचं ठरलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या, कौलांच्या फटींत पोती कोंबली. सगळं गाव आत कोंदलं, घामाचा, धुराचा वास, पोट्टे एकमेकांवर. बाईला सुनेनं हाताला धरून आणलं आणि सगळ्यांत पुढे बसवलं. तिनं पाय पसरले. मी डबी तिच्या हातात दिली. तिनं चाचपली, वास घेतला, कमरेला खोचली. मग तोंड माझ्याकडे वळवून विचारलं, "अंधार केला का?"

खोलीत अंधार केव्हाच झाला होता. पण ती त्यासाठी विचारत नव्हती. पोळ्याच्या सुमारास दुसरा डोळाही गेला होता.

मी त्या एकोणीस लोकांना शिव्या दिल्या होत्या. त्यांचा उशीर सगळा धरून सहा महिन्यांचा. माझा वीस वर्षांचा, आणि त्या वीस वर्षांत तिचे दोन्ही डोळे चांगले होते. मी म्हटलं, बाई, माझं चुकलं. ती म्हणाली, लाव.

मी सवयीनं आधी वाघ लावला. लोक नेहमीसारखे 'आहा' म्हणाले. मग बाई लावली. तलाव, चिखल, लुगड्याचा हिरवा रंग, पाण्याला टेकलेलं तोंड. कोणी हसलं नाही. बाईनं विचारलं, "केवढी दिसून राह्यली?" चारपाच जण एकदम म्हणाले, मोठी, बहुत मोठी. त्यावर तिचा विश्वास बसला नाही, लोक काय, मन राखायलाही म्हणतात. ती उठली. हात पुढे करून चादरीपर्यंत गेली आणि मला बोलावलं, डोकं कुठी हाये, ते दाखव.

मी तिचं बोट धरून चादरीवरच्या तिच्या डोक्याला लावलं. तिथून तिनं वितीनं मोजायला सुरुवात केली. अंगठा, करंगळी, पुन्हा अंगठा. चित्र तिच्या पाठीवर पडलं होतं, हातावर तलाव हलत होता. गोंडीत मोजत होती, पण सातपर्यंत मलाही येतं. टाचेशी पोचली तेव्हा सात विती झाल्या. म्हणाली, आता वाघ लाव. प्रोजेक्टर मी सूतभरही हलवला नाही, देवाशपथ. नाकाला बोट लावून दिलं. तिनं सावकाश, एकही वीत सैल न सोडता मोजलं. शेपटीच्या बुडाशी पाच झाल्या.

"वाघ लहान हाये, भाऊ," ती वळून म्हणाली. "इतके साल फुकट भेलो आमी."

मग खोली जी हसली ती हसली. तीस वर्षं मी तो वाघ दाखवत होतो, मोजायचं कोणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. मागून आवाज आला, बाईले पुन्हा दाखवा. मग सगळेच ओरडायला लागले, पुन्हा दाखवा, पुन्हा दाखवा. ती जाऊन आपल्या जागी बसली, पाय पसरून, तोंड चादरीकडे करून. मला समोरचं धड दिसत नव्हतं. डोळे भरून आले होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड उलटी घालायची असते तेव्हा ती सुलटी दिसते. तीस वर्षांत पहिल्यांदा मी सुलटी घातली. चादरीवर बाई वर पाय, खाली डोकं. पोट्टे खिदळायला लागले.

तिनं विचारलं, हासून काऊन राह्यले? मी सांगितलं, की बाई, तुम्ही उलट्या लागल्या.

"वाघ कधी उलटा लागला व्हता का?"

मी म्हटलं, नाही. एकदाही नाही.

"मंग मलेबी सरळ लाव."

मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, स्लाइड काढली आणि सरळ लावली.